गॅरेजच्या दाराला वादळासाठी लावायचे उभे खांब: दोन सीझन वापरून मग लिहितेय

गॅरेजच्या दाराला आतून लावायचे ॲल्युमिनियमचे उभे खांब मिळतात ना, वादळाची बातमी आली की बसवायचे आणि वादळ गेलं की काढून ठेवायचे, ते मी गेले दोन सीझन वापरतेय. आता तिसरा सीझन तोंडावर आलाय आणि ओळखीतले चार जण विचारून गेले की घ्यावेत का, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून टाकते. आधीच सांगते, घ्या. पण नुसते आणून कोपऱ्यात उभे करून ठेवणार असाल तर नका घेऊ, आणि दाराची चौकट न तपासता बसवणार असाल तर अजिबातच नका घेऊ, का ते पुढे येईलच.

आमचं दार डबल आहे, दोन गाड्यांचं, १६ फूट रुंद आणि ७ फूट उंच, चार आडव्या पॅनलचं, बटण दाबलं की दोन्ही बाजूंच्या ट्रॅकमधून वर सरकत छताखाली आडवं जाऊन बसतं तसलं. गुंडाळलं जाणारं शटर नाही, शटरवाल्यांना हे खांब लागू होत नाहीत, त्यांचं गणित वेगळं.

हे घ्यायची वेळ का आली ते सांगते. त्याआधीच्या एका वादळात आमचं दार गेलं. उडून गेलं नाही, पण मधलं पॅनल आत वाकलं, त्यामुळे दाराची रुंदी कमी झाल्यासारखं झालं आणि उजव्या बाजूचे दोन रोलर ट्रॅकमधून बाहेर आले, आणि एकदा ते आले की मग वारा सरळ घरात. त्या रात्री मला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटली माहितीये का, दाराची नाही. माळ्यावर जायची जी चौकोनी झडप असते, जी एरवी आपल्याच वजनाने गप्प बसलेली असते, ती आपोआप वर उचलली जात होती आणि परत खाली आपटत होती, खाड, खाड, खाड, सारखी. म्हणजे खालून हवा तिला वर ढकलत होती. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की हीच हवा अख्ख्या छपरालाही खालून ढकलतेय. सकाळी बघितलं तर छपराच्या कडेची एक रांग उचकटलेली होती. छप्पर राहिलं हे नशीब.

नंतर यावर वाचत गेले तेव्हा कळलं की हे फक्त आमच्याकडे झालेलं नाही. १९९२ मध्ये अमेरिकेत दक्षिण फ्लोरिडाला अँड्र्यू नावाचं चक्रीवादळ धडकलं, त्यानंतर इंजिनिअर लोकांनी पडलेली घरं तपासली तर बऱ्याच ठिकाणी सुरुवात गॅरेजच्या दारापासून किंवा खिडक्यांपासून झालेली होती, आधी दार आत गेलं, मग वारा आत भरला, आणि छपरावरून जाणारा वारा वरून ओढतोय आणि आत भरलेला खालून ढकलतोय अशा दोन्हीकडून छप्पर निघालं. त्यानंतर तिथले बांधकामाचे नियम बदलले, २००२ पासून सगळ्या राज्याला एकच बिल्डिंग कोड लागू झाला, आणि मायामी-डेड या तिथल्याच जिल्ह्यात तर दारांची टेस्ट अशी असते की साधारण ४ किलोचा लाकडी वासा ताशी ५५ किलोमीटरच्या वेगाने दारावर मारतात आणि मग त्यावर हवेचं प्रेशर आत-बाहेर, आत-बाहेर असं हजाराहून जास्त वेळा देतात. घरातलं सगळ्यात मोठं भोक गॅरेजचं असतं आणि त्यावर आपण सगळ्यात पातळ पत्रा लावतो, ही गोष्ट मला इतकी वर्षं सुचलीच नव्हती.

एक हिशोब मी स्वतः करून बघितला तो पण सांगते. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब दुप्पट होत नाही, चौपट होतो. ताशी ८० किलोमीटरच्या वाऱ्याला एक चौरस मीटरवर ढोबळमानाने ३० किलोचा दाब येतो, १६० ला तोच सव्वाशे किलोच्या आसपास जातो. आमचं दार साधारण १० चौरस मीटरचं, म्हणजे १६० च्या वाऱ्यात त्यावर सव्वा टनाच्या आसपास भार. एखादी छोटी गाडी दाराला आडवी टेकवून ठेवल्यासारखं. आणि तो सगळा भार पेलणार कोण, तर कडेचे बोटाएवढे रोलर.

आता किटबद्दल. आमच्या दारासाठी तीन खांब आले. प्रत्येक खांब एकात एक सरकणारा, म्हणजे उंची कमीजास्त करता येते. वरच्या टोकाला एक ब्रॅकेट, जो दाराच्या वरच्या तुळईला कायमचा बसवून ठेवायचा असतो, खालच्या टोकाला जाड पिन, जी जमिनीतल्या भोकात उतरते, आणि मध्ये प्रत्येक बिजागरीपाशी दाराला धरणारे क्लॅम्प. हे क्लॅम्प असलेलंच किट घ्या हां. काही स्वस्तातले खांब नुसते दाराला आतून टेकतात, दाराला पकडत नाहीत, ते अर्धंच काम करतात. वारा फक्त ढकलत नाही, दिशा बदलली की तो दार बाहेर ओढतोही. म्हणूनच दाराच्या आतून गाडी टेकवून लावायचा जो सल्ला सगळे देतात तो मला पटत नाही, एक तर गाडी मधल्या भागाला टेकते आणि दार निसटतं कडेला, आणि बाहेर ओढलं गेलं तर गाडी काय धरून ठेवणार आहे.

मधल्या खांबाची एक अडचण आली, ओपनरचा, म्हणजे दार उघडणाऱ्या मोटरचा, दांडा बरोबर मध्ये येतो, त्यामुळे तो खांब शेजारच्या बिजागऱ्यांच्या रांगेवर घ्यावा लागला. ऑर्डर देण्याआधी दाराचा आतून फोटो पाठवून हे विचारून घ्या, आम्ही विचारलं नव्हतं आणि एक ब्रॅकेट बदलून मागवावा लागला, त्यात आठवडा गेला. बदलून दिला मात्र विनातक्रार, त्याचे मार्क त्यांना द्यायलाच हवेत.

बसवायला मी एका टेक्निशियन काकांना बोलावलं, गॅरेजच्या दारांचंच काम करणारे, आणि या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात चांगला खर्च तोच झाला असं मी म्हणेन. मला वाटलेलं ते येतील, चार भोकं पाडतील, जातील. त्यांनी खांबांचा खोका उघडलाच नाही. आधी दार बंद करायला सांगितलं आणि म्हणाले, "ताई, इथे हात ठेवा आणि हा ट्रॅक हलवून बघा." मी हलवला तर ट्रॅक चक्क हलला. चौकटीच्या लाकडाला ट्रॅक धरून ठेवणारे जे छोटे ब्रॅकेट असतात, त्या प्रत्येकाला दोन स्क्रूची भोकं होती आणि ज्यांनी आधी दार बसवलं होतं त्या लोकांनी प्रत्येकात एकेकच स्क्रू मारलेला. खालचा स्क्रू काकांनी बोटांनी फिरवून बाहेर काढला. पाना नाही, स्क्रूड्रायव्हर नाही, नुसत्या बोटांनी. त्याच्या आट्यांना गंजाची लाल पूड आणि ओला लाकडाचा भुसा चिकटलेला होता, कारण चौकटीचं खालचं वीतभर लाकूड पाणी पिऊन पिऊन कुजलं होतं आणि वरून रंग लावलेला असल्यामुळे आम्हाला पत्ताच नव्हता. तो स्क्रू त्यांनी माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाले, "खांब तुम्ही लोखंडाचे लावा नाहीतर सोन्याचे, कडेला तुमचं दार यावर उभं आहे." तो स्क्रू मी जपून ठेवलाय. ज्यांनी दार बसवलं त्यांना फोन केला तर काम होऊन इतकी वर्षं झाली, आता आमची जबाबदारी नाही, हे उत्तर. राग आला, अजूनही येतो, कारण दुसरा स्क्रू मारायला एक मिनिट सुद्धा लागत नाही.

मग आधी चौकट. कुजलेला भाग कापून नवीन लाकूड, ते भिंतीला जाड अँकर बोल्टनी पक्कं, मग ट्रॅकच्या प्रत्येक ब्रॅकेटला दोन्ही जाड लांब स्क्रू. वरच्या तुळईचं पण तसंच, ब्रॅकेट कशात जातोय ते ठोकून बघितलं, कारण वरून प्लास्टर किंवा बोर्ड असतो आणि स्क्रू त्यातच राहिला तर पहिल्याच झटक्यात निघतो. जमिनीतली भोकं ड्रिलने काँक्रीटमध्ये पाडली, त्यात धातूच्या नळ्या बसवल्या आणि वर झाकणं. भोकं पाडताना त्यांनी धूळ ब्लोअरने दोनदा बाहेर काढली आणि पिन पूर्ण तळापर्यंत जातेय का ते स्वतः दाबून बघितलं.

त्याच दिवशी काकांनी पॅनलवर आडव्या लोखंडी पट्ट्या पण सुचवल्या, यू आकाराच्या, दाराच्या रुंदीएवढ्या, त्या कायमच्या राहतात आणि पॅनल वाकू देत नाहीत. लावल्या. पण इथे एक गोष्ट जी बरेच लोक विसरतात आणि मग मोटर जळाली म्हणून बोंबलतात: पट्ट्यांनी दाराचं वजन वाढतं आणि दाराचं वजन मोटर नाही, वरची स्प्रिंग उचलत असते. वजन वाढलं की स्प्रिंगचा पीळ पण वाढवावा लागतो. तपासायची पद्धत अगदी सोपी आहे, दार पूर्ण बंद असताना ओपनरला लटकणारी लाल दोरी ओढून दार ओपनरपासून सोडवायचं आणि हाताने दार कमरेएवढं उचलून हळूच हात सैल करायचा, स्प्रिंग बरोबर असेल तर दार तिथेच थांबतं. आमचं पट्ट्या लावल्यावर खाली यायला लागलं. काकांनी दोन सळ्या घेतल्या, एक स्प्रिंगच्या टोकाच्या भोकात घातली, पाव फेरा फिरवला, दुसरी पुढच्या भोकात, मग पहिली काढली, परत पाव फेरा, असं आळीपाळीने, आणि पूर्ण वेळ स्वतः बाजूला उभे, सळीच्या रेषेत डोकं येऊ न देता. ते बघूनच मी ठरवलं की या कामाला घरातल्या कुणीही हात लावायचा नाही. ती स्प्रिंग सुटली तर हात मोडतो, जीव पण जाऊ शकतो. तसंच दाराच्या तळाशी दोन कोपऱ्यांत जे ब्रॅकेट असतात, ज्यांना केबल बांधलेली असते, तेही ताणाखाली असतात, बाकी बिजागऱ्यांचे नट खुशाल आवळा, त्या दोन कोपऱ्यांना पाना लावू नका. आणि लाल दोरी दार वर उघडं असताना ओढू नका, स्प्रिंग ढिली असेल तर दार धाडकन खाली येतं.

आता प्रत्यक्ष वादळात काय झालं. गेल्या सीझनमध्ये दोनदा खांब लावायची वेळ आली, त्यातलं एक किरकोळ होतं पण दुसरं चांगलंच जोरात. गॅरेजमध्ये वादळात कुणी थांबायचं नाही हे आमच्या घरात पक्कं आहे, पण घरातून गॅरेजमध्ये उघडणारं जे दार आहे त्याच्या काचेतून मी टॉर्च मारून बघत होते. वाऱ्याचा झोत आला की दार आत यायचं, पण बोटाच्या पेराएवढंच, आणि झोत गेला की बाहेर ओढलं जायचं आणि तेव्हा खालच्या पिना नळीत वाजायच्या, कट्ट, कट्ट. मागच्या वेळी याच जागी पॅनल हातभर आत आलेलं बघितलं होतं. माळ्याची झडप मात्र रात्रभर गप्प होती. मी मध्ये मध्ये जाऊन वर बघत होते, ती हलली नाही. त्या गप्प झडपेसाठी मी या किटला पाचपैकी साडेचार देईन.

अर्धा का कापला तेही सांगते. एक, सोबतचं माहितीपत्रक फार तोकडं आहे. त्यात ओपनरचा प्लग काढा असं एका ओळीत म्हटलंय, पण ज्या ओपनरला बॅटरी बॅकअप असतो तो प्लग काढल्यावरही चालतो हे कुठेच नाही. खांब लावलेले असताना कुणी चुकून रिमोट दाबला तर मोटर वरून ओढते, खांब खालून धरतात आणि वरचं पॅनल मधोमध मुडपतं. म्हणून प्लग काढायचा, बॅटरी पण सोडवायची, आणि रिमोट गाडीतून काढून घरात ठेवायचे. दोन, क्लॅम्पचे नट साधे आहेत, पाना लागतो, हाताने फिरवायचे पंखवाले नट द्यायला काय हरकत होती, घाईत पाना शोधत बसावं लागतं. मी नंतर बदलायचा विचार केला पण काकांनी थांबवलं, म्हणाले किटबरोबर जे टेस्ट होऊन आलंय तेच ठेवा, पाना खांबालाच दोरीने बांधून ठेवा. तसं केलंय. तीन, जमिनीतल्या नळ्यांची प्लास्टिकची झाकणं अगदीच तकलादू, गाडीचं चाक जाऊन दोन फुटली आणि नळीत माती भरली. दुसऱ्या वेळी खांब लावायला घेतले तर पिन अर्ध्यावरच अडली, बाहेर आभाळ काळं झालेलं आणि मी पेचकसाने भोकातली माती उकरतेय, तो अर्धा तास मला नको होता. आता सीझनच्या आधी आणि दर महिन्याला व्हॅक्यूम मारते.

हे एक खरंच मनापासून सांगते, एकदा कोरड्या दिवशी तालीम करा. आम्ही पहिल्यांदा लावले तेव्हा दोघांना एक तास दहा मिनिटं लागली, कारण जमीन एका बाजूला किंचित उतरती आहे आणि त्यामुळे तिन्ही खांबांची उंची वेगवेगळी निघाली, डावीकडचा उजवीकडे बसतच नव्हता. मग ऑइलपेंटने खांबांवर १, २, ३ घातलं, तेच आकडे दारावर आणि जमिनीवर, आणि कुठल्या उंचीला लॉक करायचा तिथे खांबावर रेघ मारली. आता वीस मिनिटांत होतं आणि सासूबाई सुद्धा सांगू शकतात कुठला कुठे ते. खांब लागले की दार उघडत नाही, त्यामुळे गाडी आत की बाहेर हे आधी ठरवा, आणि गॅरेजला दुसरं छोटं दार नसेल आणि तोच तुमचा बाहेर पडायचा रस्ता असेल तर घरातून दुसरा रस्ता मोकळा आहे ना ते बघा.

दाराच्या वरच्या पॅनलला काचा असतील तर खांब त्यांचं काही करत नाहीत. काच फुटली की वारा आत आलाच. आमच्या चार छोट्या काचांवर बाहेरून प्लायचे मापाने कापलेले तुकडे लावतो. काचेवर फुलीसारख्या टेप मारून काही होत नाही, आणि खिडक्या थोड्या उघड्या ठेवल्या की प्रेशर सारखं होतं हे पण अगदी चुकीचं आहे, आपण एवढा खटाटोप करून जी हवा बाहेर ठेवतोय तिलाच रस्ता करून देणं झालं ते.

पाण्याचं विचारलं एकीने. खालची रबराची पट्टी बदलली तर पावसाचा मारा थांबतो, साचलेलं पुराचं पाणी थांबत नाही. पेट्रोलचे कॅन, रंगाचे डबे, एक्स्टेंशन बोर्ड जमिनीवरून उचलून वर ठेवा, बस.

कुणी घेऊ नये तेही सांगते. दार लाकडी आणि जुनं असेल, पॅनल कडेला गंजून भोकं पडली असतील, तर खांबांवर पैसे घालवू नका, ते पैसे नवीन दारात घाला. नवीन घेताना आतल्या बाजूला एक लेबल असतं, त्यावर प्रेशरचे दोन आकडे असतात, एक अधिकचा आणि एक उणेचा, म्हणजे ढकलताना किती आणि ओढताना किती, ते दोन्ही बघूनच घ्या, तुमच्या भागातल्या नियमाप्रमाणे. लेबल नसेल तर दार वादळासाठी नाही असंच धरून चाला. आणि तुम्ही सीझनमध्ये बराच काळ घर बंद करून जात असाल, तेव्हाही असं लेबलवालं दारच बरं, कारण हे खांब कुणीतरी येऊन लावावे लागतात, कपाटात ठेवलेला खांब काही वाचवत नाही. वयस्कर मंडळी एकटी राहत असतील तर त्यांच्यासाठी पण तेच, खांब एका हाताने उचलता येतो पण सगळे क्लॅम्प आवळायला स्टुलावर चढावं लागतं.

काकांची सर्व्हिस आता दर सीझनच्या आधी एकदा घेते. रोलर, केबलचे तुटलेले धागे, चौकटीचं खालचं लाकूड टोचणीने टोचून बघणं, नट आवळणं, स्प्रिंगला वंगण, तासाभराचं काम. यावेळी त्यांनीच जमिनीतल्या नळ्यांसाठी आट्यांची पितळी झाकणं आणून दिलीत, गाडीच्या चाकाखाली टिकतात म्हणाले. या रविवारी बसवतेय, सीझन संपला की कशी राहिली ते इथेच खाली लिहीन.